सवंग आवृत्ती

कोशकारांचे 'दोन शब्द' कधीही दोन नसत, हे प्रकाशकाला पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्यांच्याच मुलीच्या पुस्तकासाठी त्यांच्याकडे प्रस्तावना मागताना त्याने हात जोडले होते आणि म्हटले होते, "सर, दोन शब्द द्या, पण कृपा करून दोनच द्या." कोशकारांनी बावीस पाने दिली. त्यांतील एकवीस पानांत कोणालाही काही वावगे वाटले नाही, कारण ती कोणी वाचलीच नाहीत. घोटाळा झाला तो शेवटच्या पानावरच्या एका वाक्यात, आणि त्या वाक्यातल्याही एकाच विशेषणात.

वाक्य असे होते: 'माझ्या महाग आणि दुर्गम ग्रंथाची ही सवंग आवृत्ती सिद्ध करून माझ्या कन्येने वाचकांवर उपकार केले आहेत.'

ज्या ग्रंथाला ते महाग आणि दुर्गम म्हणत होते त्याचे नाव 'अर्थांतर'. शब्दांचे अर्थ कालांतराने कसे सरकतात, चढतात, घसरतात, याचा सातशे पानांचा तो विचार कोशकारांनी उमेदीची सगळी वर्षे खर्चून सिद्ध केला होता. ग्रंथालयांनी तो आदराने विकत घेतला आणि वरच्या फळीवर, जिथे शिडी लागते तिथे, तितक्याच आदराने ठेवला. पुढे कोशकार शब्दकोशाच्या कचेरीत मुख्य संपादक झाले. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणात शब्दांची कार्डे, प्रत्येक कार्डावर एक शब्द आणि तो कोणी कोठे वापरला त्याचा दाखला, अशा त्या खोलीत एकेक अक्षर पार करीत ते 'स'पर्यंत येऊन पोहोचले होते. मुद्रितातले निसटलेले टिंबही त्यांच्या नजरेतून सुटत नसल्यामुळे कचेरीत त्यांच्या माघारी त्यांना 'अनुस्वार' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते, आणि मनातून ते नाव त्यांना मानाचे वाटे. अनुस्वार डोक्यावर बसतो, पायाशी नव्हे, असे त्यांनी एकदा पत्नीला ऐकवलेही होते. "डोक्यावर बसतो, हे मात्र खरं," एवढेच ती म्हणाली होती.

मुलगी एका मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसे. लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तेव्हापासून तिने एक प्रघात पाडला होता. संध्याकाळी काम संपवून घरी पोहोचली की ती वडिलांना फोन करी आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणे, "बाबा, आजचा शब्द." खिडकीशी आलेल्या एखाद्या माणसाच्या तोंडून दिवसभरात ऐकलेला तो शब्द असे. मग कोशकार त्याची सगळी पूर्वपीठिका सांगत, ती मध्येच हसे, मध्येच "थांबा, हे परत सांगा" म्हणे. या फोनांतूनच तिचे पुस्तक वाढत गेले. 'अर्थांतर'मधलेच शब्द, पण घर सोडून गेलेल्या आणि निराळेच कपडे घालून परतलेल्या माणसांसारखे रंगवलेले. नाव ठेवले होते, 'शब्द कुठे गेला होता?'

हस्तलिखित तिने आधी आईकडे दिले. ते दोन दिवस कोशकारांच्या चांगले लक्षात राहिले होते. ते आपल्या खोलीत मुद्रिते तपासत बसले होते आणि पलीकडच्या खोलीत पत्नी हसत होती. एकटीच. मग ती उठून दारात आली आणि तिने वाचून दाखवले: "ऐका. 'राग म्हणजे मुळात रंग. मग रंगणं, मग जीव जडणं. जुन्या पुस्तकांत राग म्हणजे प्रेमच. मग एक दिवस जीव जडलेलं माणूस वेळेवर घरी आलं नाही, आणि शब्दाचा अर्थ बदलला.'" वाचून ती पुन्हा हसली. "मला सगळं कळलं हो. तुमच्या पुस्तकात हेच होतं का?"

"याच विषयाला माझी एकोणीस पृष्ठे आहेत," कोशकार म्हणाले.

"असतील. मी तिथवर पोहोचले नाही कधी."

त्याच आठवड्यात त्यांनी प्रस्तावना लिहिली.

मुद्रिते तयार झाली तेव्हा प्रकाशकाने एक प्रत कोशकारांकडे आणि एक मुलीकडे धाडली. कोशकारांनी आपल्या प्रतीत सत्तावीस चुका काढल्या, त्या तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आणि समाधानाने संध्याकाळच्या फोनची वाट पाहत बसले. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिसीव्हर उचलून आत आवाज येतो की नाही ते पाहिले, येत होता.

चौथ्या दिवशी प्रकाशक जिने चढून कोशाच्या कचेरीत आला. हा बोलका, गोल चेहऱ्याचा गृहस्थ एरवी खुर्चीत बसण्याआधीच विनोद सांगून मोकळा होई. त्या दिवशी तो आधी बसला.

"सर, पुस्तक अडलंय."

"कागद नाही?"

"कागद आहे. लेखिका नाही. म्हणते, बाबांची प्रस्तावना काढा, मग छापा."

कोशकारांनी चष्मा काढला. "काय कारण सांगितले?"

"कारण मीच पुस्तकाच्या मागच्या बाजूला मोठ्या टाइपात लावून बसलो होतो." प्रकाशकाने पिशवीतून मलपृष्ठाचा नमुना काढून पुढे सरकवला. बावीस पानांतून त्याने नेमके ते एकच वाक्य उचलले होते. "मला वाटलं, बापलेकीतली गंमत आहे. बाप मुलीच्या पुस्तकाला सवंग म्हणतोय, लोक कुतूहलाने तरी घेतील. तिने ते वाचलं, आणि मला म्हणाली, 'गंमत नाही ती.'"

"ती गंमत नाहीच," कोशकार करड्या स्वरात म्हणाले, "ते वर्णन आहे. सवंग म्हणजे स्वस्त. अल्प मोलात सर्वांस मिळणारे. पीकपाणी चांगले झाले म्हणजे धान्य सवंग होई. सवंगाई म्हणजे सुबत्ता. त्यात निंदा कोठे आहे?"

"सर, मी पुस्तकं विकतो. माझ्या पुस्तकाला कोणी सवंग म्हणालं तर मी त्याच्यावर फिर्याद करीन." प्रकाशक जरा पुढे वाकला. "हे बघा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या नावाशिवाय हे पुस्तक मी काढू शकत नाही. तिला कोण ओळखतं? कोशकारांची मान्यता आहे म्हटल्यावर शाळा घेतील, वाचनालयं घेतील. प्रस्तावना गेली की पुस्तकही गेलं. सोमवारी छपाई लावायची आहे. तोवर तुम्ही दोघं काय ते ठरवा."

तो गेल्यावर कोशकार बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. अज्ञानाने दुखावले गेलेले माणूस ज्ञानाने शांत होते, अशी त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती. मुलीचा गैरसमज झाला होता. गैरसमजावर उतारा म्हणजे आधार. आणि आधार देण्याचे साधन तर साक्षात त्यांच्या टेबलावर होते. कोश 'स'वरच होता. त्यांनी कोरा कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात नोंद लिहिली:

'सवंग, वि. १. अल्प किमतीस मिळणारे, स्वस्त, मुबलक. २. (हल्ली, चुकीने) हलक्या अभिरुचीचे, उथळ.'

नोंद त्यांनी सहसंपादिकेकडे दिली. या बाई कोशाच्या कामात 'अ'पासून होत्या. त्यांचा आवाज हळू होता आणि प्रश्न लांबट सुयांसारखे असत.

"सर," त्या म्हणाल्या, "हा 'चुकीने' म्हणजे कोणाच्या चुकीने?"

"लोकांच्या."

"किती लोकांच्या?"

"जवळजवळ सगळ्यांच्याच."

"मग बरोबर बोलायला उरलं कोण?"

बाईंनी खण ओढला. सवंग या शब्दाची कार्डे त्यांनी दोन गठ्ठ्यांत लावली. उथळ या अर्थाचा गठ्ठा मुठीत मावेना. स्वस्त या अर्थाची कार्डे मोजकी होती, कागद पिवळा पडलेली. बाईंनी त्यांतले सगळ्यांत अलीकडचे कार्ड वर ठेवले. "याच्यावरचा दाखला तुमच्याच लेखातला आहे, सर. त्यानंतर या अर्थाने कोणी वापरल्याचं दिसत नाही."

"म्हणजे मी जिवंत असेपर्यंत अर्थ जिवंत आहे."

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "तसं कंसात लिहू का?"

घरी पत्नीपर्यंत बातमी पोहोचलेली होती. ती ताटे मांडत होती, आणि ताटे जरुरीपेक्षा मोठा आवाज करीत होती.

"अहो, पोरीला सवंग म्हणालात?"

"तिला नव्हे. आवृत्तीला. आणि तेही जुन्या अर्थाने."

"असं काय. मग मी पण तुम्हाला जुन्या अर्थाने काही म्हटलेलं चालेल? दिवटे म्हणू? दिवटी म्हणजे दिवाच की."

"व्युत्पत्ती बरोबर आहे," कोशकार नाइलाजाने म्हणाले.

"उद्या भाजीवालीला सांगा, बाई, तुझी भाजी फार सवंग आहे. आणि मग तिथेच उभे राहा जुना अर्थ सांगत. मी लांबून बघते." तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि मग, आवाज उतरवून, वेगळ्याच सुरात म्हणाली, "तिच्या पुस्तकात एक वाक्य आहे. मी खूण करून ठेवलंय. 'शब्द बोलणाऱ्याचा असतो तो फक्त तोंडात असेपर्यंत. बाहेर पडला की ऐकणाऱ्याचा.' छान लिहिलंय, म्हटलं. तर म्हणाली, 'आई, हे बाबांचंच आहे. मी नुसतं सोपं केलं.'"

ते वाक्य कोशकारांना आठवत होते. 'अर्थांतर'च्या तिसऱ्या प्रकरणात ते अकरा ओळींत पसरले होते आणि त्यात दोन अर्धविरामांचा घोळ राहून गेला होता, जो पुढील आवृत्तीत दुरुस्त करायचा होता. पुढील आवृत्ती निघालीच नाही.

दुसऱ्या दिवशी, कचेरीत रजा टाकण्याची सवय नसलेल्या कोशकारांनी रजा टाकली आणि कार्डांचे दोन्ही गठ्ठे खिशात घालून ते रुग्णालयात गेले.

चौकशीची खिडकी म्हणजे तळमजल्यावर लांबट दालनाच्या टोकाला लावलेली एक जाड काच. तिला खाली अर्धचंद्रासारखे भोक, आणि त्या भोकापर्यंत कान नेण्यासाठी प्रत्येकाला कमरेत वाकावे लागे. मुलगी आतल्या बाजूला बसली होती. तिने वडिलांना पाहिले, पण रांग मोठी होती आणि वडिलांना पुढे घ्यावे असे तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसले नाही. कोशकार रांगेच्या शेवटी उभे राहिले. रांगेत उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येई. त्यामुळे ऐकण्याखेरीज त्यांना दुसरे काम नव्हते.

माणसे कागद घेऊन येत होती. कागदांवरची भाषा त्यांना येत होती, अर्थ येत नव्हता. एका बाईने विचारले, 'अनशन अवस्थेत' म्हणजे काय, उपोषण करायचं का. "नाही हो मावशी. सकाळी काही न खाता यायचं. पाणी चालेल." एका तरुणाने 'बाह्यरुग्ण' हा शब्द आपल्याला बाहेर काढल्याची नोटीस समजून भांडण काढले, मुलगी त्याच्याशी भांडली नाही, म्हणाली, "बाह्यरुग्ण म्हणजे रात्री आपल्या घरी झोपणारा रुग्ण. नशीबवान." तो हसला आणि गेला. कोशकार मनातल्या मनात प्रत्येक भाषांतर तपासत होते. कठोरपणे तपासत होते. आणि त्यांना कबूल करावे लागत होते की बाण लागत आहेत.

मग त्यांच्या पुढचा माणूस वाकला. वयस्कर, टोपी हातात चुरगाळलेली. त्याने कागद आत सरकवला. "बायकोचा आहे. गाठीचा."

मुलीने वाचले आणि तिचा चेहरा सैल झाला. "काका, काही सापडलं नाही. निर्धास्त घरी जा."

तो माणूस क्षणभर वाकलेलाच राहिला. मग कागद छातीशी धरून, कोणाचेही लक्ष नसताना काचेला नमस्कार करून, लगबगीने दाराकडे निघाला. कागद त्यांच्या खांद्याजवळून जाताना कोशकारांनी सवयीने, केवळ सवयीने, ती ओळ वाचली.

ते खिडकीशी आले. वाकले.

"बाबा, इथे नको," मुलगी म्हणाली. "मागे रांग आहे."

"'तपासलेल्या नमुन्यात,'" कोशकार म्हणाले.

"काय?"

"कागदावर 'तपासलेल्या नमुन्यात विकृत पेशी आढळल्या नाहीत' असे आहे. तू 'काही सापडलं नाही' म्हणालीस. 'तपासलेल्या नमुन्यात' कोठे गेले? आणि खाली आणखी एक ओळ होती, ती मला पुरती वाचता आली नाही."

तिच्या चेहऱ्यावरून आधी चीड, मग शंका, मग दुसरेच काही गेले. ती उठली, शेजारच्या सहकारिणीला "जरा बघ गं" म्हणाली, आणि बाजूच्या दारातून बाहेर पडून पायऱ्यांकडे जवळजवळ धावत गेली.

कोशकार रांगेतून बाजूला होऊन खांबाशी उभे राहिले. खिशातले गठ्ठे टोचत होते.

ती परतली तेव्हा धापा टाकत होती. "सापडले. फाटकाशी. रिक्षात बसत होते." ती बाकावर बसली, तसे तेही बसले. "खाली लिहिलं होतं, गाठ राहिल्यास पुन्हा तपासावे. मी वाचलंच नव्हतं पुढे. मी म्हटलं, काका, आज जेवढं तपासलं त्यात काही वाईट नाही. पण महिन्याभरात गाठ गेली नाही तर काकूंना परत आणा, माझं नाव सांगा, मी रांगेत उभं करणार नाही."

कोशकारांनी ते वाक्य ऐकले, मनाशी फिरवून पाहिले, उलटून पाहिले. "हे पूर्ण आहे," ते म्हणाले. "आणि सोपेही आहे."

"हो."

"म्हणजे सोपे करताना गळावेच असे नाही."

"गळतं, बाबा. घाईत गळतं, दमल्यावर गळतं, दुसऱ्याला लवकर हसलेलं बघायची हौस असली की गळतं. माझं आज गळलं." तिने पदराने कपाळ टिपले. "तुम्ही धरलंत. मला त्याचा राग नाही आला. उलट बरं वाटलं, की तुम्ही होतात."

कोशकारांना वाटले, हीच वेळ. त्यांनी खिशातून गठ्ठे काढले. "मग प्रस्तावनेविषयी तुझा जो गैरसमज झाला आहे, त्याचे मूळ असे की—"

"नाही झाला."

"काय नाही झाला?"

"गैरसमज. तुमची मुलगी आहे मी. सवंग म्हणजे स्वस्त, सवंगाई म्हणजे सुबत्ता, हे मला शाळेत असताना तुम्हीच सांगितलंत, त्या दिवशी मला ताप होता. मला जुना अर्थ ठाऊक आहे. तुम्हाला नवा ठाऊक नाही का?"

कोशकारांनी गठ्ठे मांडीवर ठेवले.

"मला एवढंच सांगा. ते वाक्य लिहिताना दोन्ही अर्थ तुमच्यासमोर होते ना?"

दालनात कोणाचे तरी नाव पुकारले गेले, चाकांची खुर्ची करकरत निघून गेली. कोशकारांनी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले होते. त्यांतील बहुतेक जिंकण्याचे कारण हे की प्रतिपक्षाला नेमका प्रश्न विचारता येत नसे. हा प्रश्न नेमका होता. शब्दाचे सगळे अर्थ एकाच वेळी डोळ्यांसमोर उभे राहणे हा त्यांचा धंदा होता, तीस वर्षांचा. कोशकाराला एखाद्या शब्दाचा दुसरा अर्थ लिहिताना सुचला नाही, असे म्हणणे म्हणजे सोनाराला पितळ ओळखता आले नाही असे म्हणणे.

"होते," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि मला वाटले, कोणी विचारलेच तर पहिला अर्थ आहे."

"पुस्तकात चुका असतील तर लिहायच्या होत्या, बाबा. इथे हे गळलं, तिथे ते गळलं. आत्ता सांगितलंत तसं. मी धावत गेले असते. पण तुम्ही काय गळलं ते सांगितलं नाहीत, आणि अख्ख्यालाच एक शब्द चिकटवलात. ज्याला मागचं दार आहे असा." ती उठली. "सवंग कशाला म्हणतात ते मला विचाराल तर, सगळं न सांगता नुसता परिणाम साधायचा, त्याला म्हणतात. मग सांगा, माझ्या पुस्तकात तसं एक वाक्य असेल, दोन असतील. पण तुमच्या बावीस पानांतही एक आहे."

एवढे बोलून ती खिडकीमागे गेली, आणि काचेच्या भोकाशी पुढचा माणूस वाकला.

कोशकार चालत घरी गेले. वाटेत त्यांनी पुष्कळ प्रतिवाद रचले, आणि प्रत्येक प्रतिवाद एखाद्या कोपऱ्याशी सोडून दिला. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही: तिच्या पुस्तकात काही गळले होते, हे खरेच होते. काही गळलेच नाही असे ते म्हणणार नव्हते, कारण खोटे बोलून दुखावलेल्याची समजूत घालणे हा त्यांच्या मते दुसरा अपमान असतो. प्रश्न असा होता की नेमके काय गळले. त्याचे उत्तर तर्काने मिळत नसते. त्याला दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ओळीमागून ओळ वाचावे लागते. शनिवार आणि रविवार त्यांनी तेच केले.

वाचताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली, आणि ती मान्य करायला त्यांना रविवारची दुपार लागली. 'अर्थांतर'मधून पुष्कळ काही गळले होते. पूर्वसूरींच्या मतांची खंडने गळली होती. तळटीपा गळल्या होत्या. एका दिवंगत पंडिताशी त्यांनी चाळीस पृष्ठे केलेले भांडण पार गळले होते. आणि त्या भांडणाविना तो भाग वाचताना त्यांना प्रथमच दिसले, की तो पंडित आणि आपण एकच गोष्ट म्हणत होतो. जे गळायला नको होते असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले, ते शेवटी दोनच ठिकाणी निघाले.

सोमवारी सकाळी ते आधी कचेरीत गेले आणि कार्डांचे दोन्ही गठ्ठे परत टेबलावर ठेवले. 'सवंग'ची नोंद समोर घेतली आणि 'चुकीने' हा शब्द खोडला. मग थोडे थांबून दुसरा अर्थ पहिला केला आणि 'स्वस्त' या अर्थाला जोडून लिहिले, '(जुन्या वापरात)'. सहसंपादिका बाईंनी ते पाहिले. मग त्यांनी पिवळ्या कार्डांचा गठ्ठा उचलून, न चुरगाळता, खणात मागच्या बाजूला लावला.

तिथून ते प्रकाशकाकडे गेले आणि एक कागद त्याच्यापुढे ठेवला. प्रकाशकाने तो उलटून पाहिला. मागे काही नव्हते.

"सर, एवढंच?"

"तुम्ही दोन शब्द मागितले होते. थोडे जास्त झाले आहेत."

कागदावर होते: 'या पुस्तकातील बहुतेक विचार माझ्या ग्रंथातून घेतलेले आहेत. घेताना लेखिकेने पुष्कळ भाग गाळला. मी दोन्ही पुस्तके ताडून पाहिली. गाळलेल्यांपैकी दोन गोष्टी परत घ्याव्यात असे माझे मत आहे. त्या मी तिला कळवल्या आहेत आणि निर्णय तिचा आहे. बाकीचे गळले ते बरे झाले. ते गाळण्याचे काम माझे होते, ते मला जमले नाही.'

"मलपृष्ठावर यातलं कुठलं वाक्य घेऊ?" प्रकाशकाने विचारले.

"तिला विचारा."

"आणि तिला हे पसंत नाही पडलं तर?"

"तर पुस्तक तिच्या एकटीच्या नावावर छापा. त्यात तुमचे नुकसान झाले तर पुढच्या कामाचा माझा मोबदला देऊ नका." प्रकाशकाला या प्रकरणात दुसऱ्यांदा विनोद सुचला नाही.

त्यानंतर कोशकारांना घरी जाववेना. कचेरीत बसून त्यांनी 'सवाई'पासून 'सशस्त्र'पर्यंतची मुद्रिते तपासली, जी तपासण्याची घाई नव्हती. घरी पोहोचायला नेहमीपेक्षा बराच उशीर झाला. दारात पाऊल ठेवतात तोच फोन वाजत होता. त्यांनी चपलांसकट जाऊन तो उचलला.

"बाबा, आजचा शब्द," मुलगी म्हणाली. "राग."

"त्यावर तर तुझे लिहून झाले आहे."

"तुमच्या दोन गोष्टींतली एक त्यातच आहे ना. रंगावरून संतापावर शब्द एकदम उडी मारत नाही, मधे डोळ्यांत चढलेली लाली आहे. ती तुम्ही म्हणता तशी घेतली. खरंच, तिथे एक पायरी गळली होती. प्रकाशकांना फोन केला, उद्या सकाळी लावतायत."

"आणि दुसरी?"

"दुसरी नाही घेणार. तीन ओळींची आहे आणि तिच्यात 'तद्वत्' दोनदा आहे."

"'तद्वत्' काढून घेता येईल."

"मग उरतच नाही काही. करून बघा." कागद सरकल्याचा आवाज आला. "प्रस्तावना राहू दे. आईला फोनवर वाचून दाखवली दुपारी. म्हणाली, कळली."

कोशकारांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तीन शब्दांत मावेल असे काही बोलावे असे त्यांच्या मनात आले. पण मावेना, आणि तेव्हा ते जे त्यांना येत होते त्याकडे वळले. "लाली घेतलीस हे योग्य केलेस. परंतु लाली घेतल्यावर ते दुसरे वाक्य अनावश्यक होते. 'जीव जडलेलं माणूस वेळेवर घरी आलं नाही.' उशिरामुळे अर्थ बदलला याला पुरावा काय? एकही दाखला नाही. मी शोधला आहे."

"ते वाक्य मी काढणार नाही."

"मी काढ म्हणत नाही. पुरावा विचारतो."

"पुरावा तुमच्या घरात आहे," मुलगी म्हणाली. "आईला विचारा."

कोशकारांनी मान वळवली. टेबलावर दोन ताटे मांडलेली होती, वरची झाकणे केव्हाचीच काढलेली, आणि अन्नातून वाफ येत नव्हती. पत्नी खुर्चीत ताठ बसली होती. तिने घड्याळाकडे पाहिले नाही, त्यांच्याकडेही पाहिले नाही.

"बरे," कोशकार फोनमध्ये म्हणाले, "असू दे ते वाक्य," आणि चपला काढायला गेले.